जरा सरकता का? एक फजिती सांगते!

आपली फजिती माणूस कुणाला सांगतो? घरात सांगावी तर ती पुढे दर सणाला, दर पंगतीला, जावयासमोर आणि सुनेसमोर उगाळली जाते. कचेरीत सांगावी तर निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत पाठ सोडत नाही. शेजारणीला सांगावी तर... त्यापेक्षा दवंडी पिटलेली बरी! मग उरतो कोण? उरतो तो एसटीत शेजारच्या सीटवर बसलेला माणूस. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आपले त्याला ठाऊक नाही. तो तेलगावला उतरणार, आपण पुढे माजलगावला. त्याच्याजवळ आपली अब्रू अगदी सुरक्षित.

परळी ते माजलगाव या रस्त्यावर नोकरीपायी मी पुष्कळ वर्षे ये-जा केली, आणि नोकरी संपली तरी लग्ने, बारशी, दवाखाने आणि दहावे यांनी तो रस्ता सुटू दिलेला नाही. या रस्त्यावर सिरसाळा लागते. परळी तालुक्यातले हे मोठे गाव. परळीहून तेलगावकडे आणि पुढे बीडकडे जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे इथे येऊन गाडी धरतात. वैद्यनाथाच्या दर्शनाला निघालेली म्हातारी, अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवायला निघालेली सासू-सुनेची जोडी, तारखेला निघालेला शेतकरी, काखोटीला लेकरू आणि हातात बोचके घेतलेली माहेरवाशीण, कॉलेजची पोरे – सगळी एका चहाच्या कपाच्या अंतरावर उभी असतात. गाडी केव्हा येईल हे कुणीच सांगू शकत नाही. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे वाक्य लोक कौतुकानेही म्हणतात आणि कपाळाला हात लावूनही म्हणतात. या वाट पाहण्याच्या वेळात आणि पुढच्या तास-दीड तासाच्या धक्क्यांत जे चालते, त्याविषयी मला लिहायचे आहे. त्याला गप्पा म्हणणे बरोबर नाही. गप्पा ओळखीच्या माणसांत होतात. इथे चालते ती फजित्यांची देवाणघेवाण.

तिचे काही अलिखित दंडक आहेत. फजिती स्वतःची सांगायची. दुसऱ्याची सांगितली की ती चहाडी होते आणि ऐकणारा लगेच खिडकीबाहेर बघू लागतो. आणि एकाने सांगितली की समोरच्याने एक सांगायची; नुसते ऐकून घेणे म्हणजे आहेर घेऊन रिकामे ताट परत पाठवण्यासारखे! माझ्याकडे अशा परतफेडीसाठी एक ठेवणीतली गोष्ट आहे. एका उन्हाळ्यात सासरहून वर्षाचे तिखट घेऊन निघाले होते. डबा वरच्या फळीवर. एका खड्ड्यात गाडी अशी काही उसळली की डब्याचे झाकण उडाले आणि आधी ड्रायव्हर, मग कंडक्टर, मग ओळीने सगळी गाडी शिंकू लागली. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. माणसे खाली उतरून शेताच्या बांधावर बसून शिंकत होती. आता आपले काही खरे नाही, असे मला वाटत असताना एक आजीबाई पदराने नाक पुसत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मिरची लई झाक हाय. कुठून आणली?" ती गोष्ट मी आजवर किती अनोळखी माणसांना सांगितली असेल, त्याची गणती नाही. घरी मात्र आजही कुणाला पूर्ण ठाऊक नाही. घरी एवढेच ठाऊक आहे की त्या वर्षी तिखट लवकर संपले!

अनोळखी माणसापाशी मन का मोकळे होते, यावर मोठमोठ्या विद्वानांनी विचार केला आहे. गेऑर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली 'परका माणूस' या विषयावर एक छोटेखानी टिपण लिहिले. जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी माणसे वाटसरूला सांगून टाकतात, अगदी कबुलीजबाब दिल्यासारख्या, हे त्यात त्याने नोंदवले आहे. झिमेलसाहेब सिरसाळ्याला कधी आले नाहीत, पण आले असते तर त्यांना चार-दोन उदाहरणे नक्की मिळाली असती. अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाईन या मानसशास्त्रज्ञाने तर बाजारात, रस्त्यात, जिथे माणसे जमतात तिथे जाऊन हसण्याच्या नोंदी केल्या. त्याला आढळले की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीस पट अधिक तो सोबत असताना हसतो, आणि हे हसणे बहुतेक वेळा विनोद ऐकून आलेले नसतेच. साध्या साध्या बोलण्यावर माणसे हसतात. हे मला एकदम पटले. एसटीत मी ऐकलेल्या बहुतेक गोष्टी कागदावर उतरवल्या तर वाचक विचारील, "यात हसण्यासारखे काय आहे?" हसण्यासारखी ती गाडी होती, ती वेळ होती, ती तिघांच्या सीटवर बसलेली चार माणसे होती.

तरीही एक सांगतेच. त्याआधी थोडा इतिहास. आपल्या राज्यातली पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. त्या दिवशी आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इकडे निजाम सरकारच्या बसगाड्या १९३२ पासूनच चालत होत्या आणि संस्थान विलीन झाले ते १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणजे एसटीच्या जन्माशी आमचा तसा थेट संबंध नाही. पण १ जून या तारखेशी मात्र फार जवळचा आहे! खेड्यातल्या जुन्या माणसांचे आधार कार्ड काढून बघा. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. कारण उघड आहे. जन्माची तारीख आईला "पेरणी आटोपली होती" किंवा "पोळ्याच्या आदल्या दिवशी" एवढीच आठवायची, शाळा जूनमध्ये भरायची, आणि गुरुजी रजिस्टरमध्ये डोळे झाकून १ जून लिहून मोकळे व्हायचे. सालही अंदाजानेच. त्या वेळी कुणाचे काही अडले नाही. अडले ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये, एसटीने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला तेव्हा. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला तिकीट अर्धे, त्यावर माफ.

तर २०२३ च्या उन्हाळ्यात सिरसाळ्याला दोन भाऊ गाडीत चढले. दोघांच्या डोक्याला पटका, हातात एकेक काठी. कंडक्टरने कार्डे पाहिली आणि एकाला फुकट तिकीट दिले, दुसऱ्याकडे अर्धे पैसे मागितले. दुसऱ्याने पैसे दिले आणि तोंड फिरवून बसला. मग पहिल्यानेच गोष्ट उलगडली. पैसे भरणारा थोरला होता! तो पोलिस ॲक्शनच्या साली जन्मला, आणि हा फुकट जाणारा त्यानंतर दोन पावसाळ्यांनी. पण थोरला गुरे राखत राखत शाळेत उशिरा गेला, तेव्हा गुरुजींनी त्याचे वय उतरवले. धाकटा शाळेत जायला रडून हटून बसला, तर वय कमी भरते म्हणून चढवून लिहिले. सरकारदरबारी धाकटा शहात्तरचा, थोरला त्र्याहत्तरचा. दोघांचाही वाढदिवस अर्थात १ जून. "आता घरी गेल्यावर कोणी कोणाच्या पाया पडायच्या, तेवढं कंडक्टरसायबांनी कागदावर लिहून द्यावं," धाकटा म्हणाला, आणि गाडी फुटली. थोरला बराच वेळ गप्प होता. मग खिडकीकडे बघतच म्हणाला, "शाळंला जायला रडत होता ते फुकट गेलं नाही म्हणा!"

मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आणि या देवाणघेवाणीचा नूरच पालटला. पूर्वी एसटीतली मोठ्याने सांगितलेली फजिती बहुधा पुरुषाची असे. बाई बोलली तरी शेजारच्या बाईच्या कानाशी, पदराआडून. एकट्या बाईने विनाकारण प्रवास करणे हीच मुळी चैन होती. गाडीत ती असायची ती कुणाच्या तरी आजारपणासाठी किंवा मयतीसाठी, आणि मयतीला निघालेली बाई फजिती कशी सांगणार? आता चौघी-चौघी मिळून देवाला जातात, बहिणीला भेटून संध्याकाळी परत येतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखे किती साचलेले होते, हे ऐकल्याशिवाय कळणार नाही. अर्ध्या तिकिटाचा हिशेब महामंडळ रुपयांत मांडत असेल. मला तो हिशेब कळत नाही, आणि कोण कुणाचे पैसे भरतो यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. मी फक्त एवढे म्हणेन की गाडीतला आवाज वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता.

त्या आवाजांतला एक मी कधी विसरणार नाही. बाई पस्तिशीच्या आतबाहेरच्या, रापलेल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. आमचा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, पहाटे अंधारात फडावर जायचे, रात्री-बेरात्री गाडी भरायची आणि मधल्या वेळात उसाच्या पाचटाच्या कोपीत संसार करायचा. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसे मोजतच नाहीत. तर या बाई लग्नानंतर पहिल्यांदाच कर्नाटकात, बेळगावकडच्या एका कारखान्यावर गेल्या होत्या. अंगावर पिते लेकरू, आणि दूध पुरेना. रोज सकाळी सायकलवर एक माणूस "हाल, हाल" असे ओरडत कोप्यांवरून जायचा. बाई म्हणाल्या, "मला वाटायचं, हा कोण येडा म्हणावं! रोज उठून आमचे हाल पुकारतो. सगळ्या टोळीचे हाल व्हायलेत ते आम्हाला काय माहीत नाही का?"

एक दिवस तो थेट त्यांच्या कोपीसमोर उतरला आणि विचारले, "हाल बेकेनव्वा?"

"मी म्हणलं, हाल तर दिसायलेत की बाबा! आता आणखी कशाला पाहिजेत? हायेत तेवढे बास झाले!"

तो गोंधळला. शेजारच्या कोपीतली जुनी जाणती बाई हसत हसत मातीत बसली. मग तिने उलगडा केला. कानडीत दुधाला हाल म्हणतात. तो दूध हवे का म्हणून विचारत होता. त्या गवळ्यालाही मराठीतले हाल समजावून सांगितले गेले, तेव्हा तो इतका हसला की म्हणे किटलीचे झाकण सायकलवरून घरंगळत उसाच्या सरीत गेले. दुसऱ्या दिवसापासून तो फक्त त्यांच्या कोपीपुढे येऊन मराठीत विचारू लागला, "काय बाई, हाल पाहिजे का?" आणि त्याही म्हणायच्या, "दे पावशेर. आज हाल कमी पडायलेत."

गाडी हसत होती. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे तर हाल रतीबानं येतात!" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडचे पाणी घातलेले असतात." असे चालले होते. बाई स्वतःही हसत होत्या. मग हसू ओसरल्यावर, कुणी विचारले नसताना म्हणाल्या, "त्या हालावर वाढलेलं लेकरू आता बारावीला हाय. त्याच्या हातात कोयता दिला नाही." एवढे बोलून त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या.

ही गोष्ट त्या गावात कुणाला सांगत असतील? मला नाही वाटत. गावात सगळ्यांचे तेच हाल, त्यात नवे काय? आणि ज्यांचे तसे नाहीत, त्यांच्यापुढे ती सांगितली तर गाऱ्हाणे होते, नाहीतर मागणे होते. अनोळखी माणसांपुढेच ती फजिती राहू शकते, आणि सांगणारी बाई सगळ्यांच्या बरोबरीने हसू शकते. हसणाऱ्याला कुणी कीव करून खाली बसवू शकत नाही.

मराठवाड्याच्या पोटात हे असे हसणे पूर्वीपासून आहे. बाहेरच्या जगाला दुष्काळ, मोर्चे आणि ऊसतोड एवढाच आमचा परिचय. पण छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठात नाटक शिकवणारे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन उभे राहिले तेव्हा एकटा माणूस बावन्न भूमिका करतो, याहीपेक्षा आमच्या बोलीतली फजिती सगळा महाराष्ट्र ऐकतो, याचे आम्हाला अप्रूप वाटले होते. केज तालुक्यातल्या विडा गावाची रीत तर वाचकांनी वर्तमानपत्रात वाचलीच असेल. धुळवडीला गावातला एक जावई शोधून काढायचा – जावई आठ-आठ दिवस आधीपासून लपून बसतात, तरी सापडतातच – आणि त्याची गाढवावरून वाजतगाजत मिरवणूक काढायची. शेवटी त्याला मारुतीच्या देवळापाशी नवे कपडे करायचे, सोन्याची अंगठी द्यायची. मला त्या रीतीतली अंगठी महत्त्वाची वाटते. गावाने फजिती केली, तर गावाने तिचे मोल दिले. फुकटात कुणी हसले नाही.

आता फोनकडे वळावे लागेल, कारण सिरसाळ्याच्या थांब्यावर हल्ली माना खाली असतात. लगेच "जुने ते सोने" म्हणण्याची माझी तयारी नाही. उलट, फोनने एक गोष्ट फार चांगली केली आहे. कारखान्यावर गेलेल्या बायका, ज्यांना लिहिता येत नाही किंवा आले तरी सराव नाही, त्या व्हॉट्सॲपवर नुसता आवाज पाठवतात. एका टोळीतली बाई दुसऱ्या कारखान्यावरच्या, कधीही न पाहिलेल्या बाईला आपली फजिती सांगते. तिकडून तिची येते. एका प्रवासात शेजारच्या मुलीने मला तिच्या आईच्या अशा ध्वनिफिती ऐकवल्या. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज, कोपीतल्या भांड्यांचा आवाज, आणि मधे हसण्याने तुटणारे बोलणे. ती एसटीच होती, फक्त चाके नसलेली.

पण त्याच फोनवर दुसरेही येते. कुणीतरी घसरले, कुणाचे धोतर सुटले, कुणाला इंग्रजी शब्द उच्चारता आला नाही, कुणी माइकसमोर अडखळले – त्याची चित्रफीत. माझ्या माहितीतला एक तरुण एका लग्नात मांडवाच्या दारात चिखलात पडला. पडणे काय, कुणीही पडते. पूर्वी तोच पोरगा पुढच्या प्रवासात हे तिखटमीठ लावून सांगता आणि चार चहा मिळवता. पण ते कुणीतरी टिपले, वर गाणे चिकटवले आणि दोन दिवसांत ते पंचक्रोशीत फिरले. पोरगा नंतर कित्येक महिने कुठल्या लग्नाला गेला नाही. त्याची फजिती त्याच्याकडून कुणीतरी काढून घेतली होती. ती आता त्याला सांगता येणार नव्हती, कारण सगळ्यांनी आधीच पाहिली होती. आणि पाहणाऱ्यांपैकी एकानेही बदल्यात आपली सांगितली नव्हती.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर हा लेख खोटा ठरेल. एसटीत पूर्वीपासून पहिला प्रश्न असे, "कुठले तुम्ही?" गावाचे नाव सांगितले की भागत असे. त्या गावात कुणाची तरी मेहुणी दिलेली असे, कुणाचा बैल तिथून आणलेला असे. मागच्या दोन-तीन वर्षांत या प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न येऊ लागला: "आडनाव काय?" ३० ऑक्टोबर २०२३ ला आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले, माजलगावात आणि बीडमध्ये आमदारांची घरे पेटवली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर ज्या कारणाने गाजले ते सांगायला नको. गावागावांत माणसे आडनावांप्रमाणे विभागून बसू लागली. मार्च २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलाने आपल्या माणसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावे काढली आणि नुसती पहिली नावे ठेवली, इथवर पाळी आली. पोलिसांनी जे आदेश काढून केले, ते एसटीच्या बाकड्यावर इतकी वर्षे कुणी न सांगता होत होते! हालाची गोष्ट सांगणाऱ्या बाईंचे आडनाव मला ठाऊक नाही. त्या दोन भावांचेही नाही. आणि शिंकणाऱ्या आजीबाईंचे विचारण्याइतका श्वास कुणापाशी होता?

त्या दिवसांतला एक प्रवास सांगते. गाडी भरलेली, पण चिडीचूप. माणसे एकमेकांच्या कपाळाकडे, गमछाच्या रंगाकडे, फोनच्या मागच्या स्टिकरकडे बघत अंदाज बांधत होती. सिरसाळ्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरले, तरी तीन-चार घोळक्यांत उभे. कंडक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिला ती शांतता सोसवेना की काय कोण जाणे, ड्रायव्हर जॅक लावत असताना ती मोठ्याने म्हणाली, "बाप्पा, सांगू का तुमची गोष्ट?" ड्रायव्हर गाडीखालून म्हणाले, "माझी कशाला? तुझी हाय ती."

मग तिने सांगितली. नोकरीचा पहिला दिवस. हातात नवे तिकिटाचे यंत्र, छातीत धडधड. गाडी सुटायला वेळ होता. पहिल्या सीटवर साध्या शर्टातले एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले. तिने विचारले, "काका, तिकीट?" ते नुसते बघत राहिले. तिने आवाज चढवला, "फुकट बसता येणार नाही. कुठं जायचं?" ते म्हणाले, "गाडी जाईल तिथं." "मग शेवटच्या थांब्याचं घ्या. सुट्टे द्या." त्यांनी खिशातून मुकाट पैसे काढले, तिकीट घेतले, घडी घालून खिशात ठेवले, खाकी सदरा अंगात चढवला, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. "त्या दिवशी आमचे ड्रायव्हरसायेब पूर्ण तिकीट काढून गाडी चालवत गेले," ती म्हणाली. गाडीखालून आवाज आला, "अन् तिनं अजून पैसे परत केले नाहीत!"

आधी कॉलेजची पोरे हसली. मग एक म्हातारा हसला आणि त्याला ठसका लागला, तर दुसऱ्या घोळक्यातल्या कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन म्हाताऱ्याने स्वतःची सुरू केली; सासुरवाडीला रात्री अंधारात गोठ्यात झोपला आणि सकाळी बैलाने पटका चघळलेला सापडला, अशी काहीतरी होती. मग बाटली देणाऱ्याने आपली सांगितली. चाक बदलून झाले तेव्हा घोळके कुठे उरले होते, ते मला दिसले नाही. कुणी कुणाला आडनाव विचारले नाही. विचारायला वेळच नव्हता; प्रत्येकाला आपली फजिती आधी सांगायची होती.

गाडी चालू झाल्यावर माझ्या शेजारी एक आजी येऊन बसल्या. तोंडात दात नाहीत, डोळे मात्र मिस्कील. बाकीच्यांच्या ऐकून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमचं काहीच नाही गं बायांनो. माझ्या लग्नात नवरदेवच बदलला होता."

पुढच्या सीटवरच्या चार माना एकदम वळल्या.

आजी सावकाश सांगू लागल्या. एकाच रात्री दोन शेजारच्या गावांत दोन लग्ने. वऱ्हाडे बैलगाड्यांतून आलेली, अंधारी रात्र, हातात कंदील. आमच्या मांडवात जे वऱ्हाड उतरले ते त्या गावचे, आणि त्या गावी गेले ते आमचे. व्याह्यांनी एकमेकांना नीट पाहिलेले नाही, नवरदेवाच्या तोंडावर बाशिंग. मुहूर्त टळायला नको म्हणून भटजीची घाई. "अंतरपाट धरला," आजी म्हणाल्या, "अन् तेवढ्यात तिकडून एक माणूस पळत पळत आला..."

"आजी, तुमचा थांबा!" कंडक्टर मुलगी ओरडली. गाडी थांबली. आजी पिशवी सावरत उठल्या. "अहो आजी, मग? मग काय झालं?" सगळी गाडी विचारत होती. आजी पायरी उतरता उतरता काहीतरी बोलल्या, पण मागून ट्रकने भोंगा वाजवला आणि शब्द विरून गेले. खाली रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून त्यांना न्यायला आले होते. आजींनी पिशवी त्यांच्या सायकलला अडकवली, आमच्याकडे वळून बघितले, त्या गृहस्थांकडे बोट दाखवले आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. आम्ही सगळे खिडक्यांतून त्या म्हाताऱ्यांकडे बघत होतो. हा मूळचा की बदललेला?

मुलीने दोनदा घंटी दिली.